चौथा रकाना

आमच्या आणि माईंच्या मधली भिंत कंबरेएवढीच आहे. बांधणाऱ्याचं सिमेंट संपलं की पैसे, देव जाणे; पण ती आणखी हातभर उंच असती तर आमच्या दोघींचं अर्धं आयुष्य फुकट गेलं असतं. सकाळी सव्वासहाला नळाला पाणी येतं. पिंपं भरेपर्यंत दोघी भिंतीशी. माझ्या बाजूला कढीपत्ता, त्यांच्या बाजूला जास्वंद. कढीपत्ता आमच्या मोठ्या जाऊबाईंनी लावलेला. त्या २०११ साली काविळीने गेल्या. झाड मात्र आता वाकून माईंच्या फोडणीत पडतं.

"कळलं का?" परवा माईंनी विचारलं.

माईंचं 'कळलं का' तीन तऱ्हांचं असतं. कुणाचं लग्न जमलं की आवाज चढतो, मोडलं की उतरतो, आणि कुणी गेलं असलं की त्या आधी पदराने भिंतीचा माथा पुसतात. परवा भिंत पुसली.

"कोण?"

"चौथ्या गल्लीतले. एजन्सीवाले. रात्री दीडला, घरीच."

"अगंबाई! पन्नाशीचे तरी होते का?"

"बावन्न."

"कशाने गेले?"

"हार्ट," माई म्हणाल्या, आणि अंगठा ओठांशी नेऊन परत पाइपाकडे बघायला लागल्या.

माईंना हा अंगठा दाखवायचा अधिकार आहे. सत्तावीस वर्षं त्या नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसल्या. माणूस यमाच्या वहीत गेला म्हणजे गेला असं आपल्याला वाटतं. पण नगरपालिकेच्या वहीत गेल्याशिवाय त्याच्या विम्याचा पैसा सुटत नाही आणि सातबाऱ्यावरून नावही उतरत नाही. त्या वहीपुढे यम म्हणजे नुसता शिपाई.

"हॉस्पिटलात गेला तर हॉस्पिटल कळवतं," माई सांगत होत्या. "घरी गेला तर घरच्यांनी एकवीस दिवसांत यायचं. आणि येतात ना, तेव्हा सगळेच्या सगळे हार्टने गेलेले असतात. अगं, शेवटी हृदय सगळ्यांचंच थांबतं! थांबलं कशामुळे, असं विचारलं की माझ्याकडे असे बघायचे, जसं काही मीच थांबवलंय."

"मग तुम्ही काय लिहायच्या?"

"चिठ्ठीवर डॉक्टरने जे लिहिलं असेल ते. पण त्या नमुना दोनच्या फॉर्मात खाली चार प्रश्न असतात बघ. विडी-सिगारेट ओढायची सवय होती का, आणि किती वर्षं. मग तंबाखू. मग सुपारी, पानमसाला. आणि चौथा, दारू. किती वर्षं."

मी आयुष्यात तीन वेळा तो फॉर्म भरला असेन. हे प्रश्न माझ्या लक्षातही नव्हते.

"तंबाखू होती म्हणतात," माई म्हणाल्या. "सुपारी तर कौतुकाने सांगतात, अडकित्ता पितळी होता तेसुद्धा. चौथ्या रकान्याला मात्र 'छे छे, कधी शिवले नाहीत'. बापाला पोचवून आलेला मुलगा समोर उभा, त्याच्याच तोंडाला वास, आणि म्हणतो कधी शिवले नाहीत. मी लिहायची, नाही. आणि गंमत अशी, की मृत्यूच्या दाखल्यावर यातलं काही छापूनच येत नाही. ना कारण, ना सवय. तो भाग फाडून वेगळा आकडेवारीला जातो. चव्हाट्यावर काहीही येत नाही. पण लोक खोटं बोलायचे ते बोलायचेच."

"तुम्ही सांगायचं ना, की दाखल्यावर येत नाही म्हणून."

"मागे रांग असायची गं."

आता मी टिपणांचा कागद आणला. वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी मला व्यसनांवर लिहायचंय, त्यामुळे महिनाभर आकडे पाठ करत हिंडते आहे आणि घरात कुणी ऐकून घेत नाही. माई ऐकतात. त्यांचा जन्म आकड्यांच्या खिडकीत गेलाय.

"जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ सालचा हिशेब मांडलाय. वर्षभरात दारूपायी जगात २६ लाख माणसं गेली. त्यातले २० लाख पुरुष."

"चारांत तीन म्हण. वर थोडे सुटे."

"आणि अमली पदार्थांनी ६ लाख. त्यातही ४ लाख पुरुषच."

"म्हणजे हा प्रांत पुरुषांचा," माई म्हणाल्या. "आरक्षणच म्हण की."

एवढ्यात आमचे हे तोंडात ब्रश धरून अंगणात आले. पुरुषांचा उद्धार चालला की यांना ब्रश करायची बाहेर आठवण होते. "आम्ही मेहनतीने मिळवलंय ते," फेसातून उत्तर आलं.

खरं आहे ते. यांच्या ऑफिसात सात जण 'बसणारे' होते. मराठीत हे क्रियापद फार सोयीचं आहे. काय करतात? बसतात. कुठे? ढाब्यावर. कुणी 'पितात' म्हणत नाही. बसणं हे पुरुषांचं, आणि बसलेल्याला उठवणं बायकांचं. हे स्वतः पीत नाहीत, म्हणून यांच्याकडे दोन कामं असायची, चकणा संपवणं आणि सगळ्यांना घरी सोडणं. त्या सातांतले चार गेले. एकाचं लिव्हर, एकाचा लकवा, एकाला टीबी, आणि एक महामार्गावर. ज्या रात्री हे सोडायला नव्हते त्या रात्री.

"टीबीचा दारूशी काय संबंध?" माईंनी विचारलं.

"असतो. रोज पिणाऱ्याची प्रतिकारशक्ती जाते, जेवणाची आबाळ होते. हे बघा, त्या २६ लाखांतले सव्वासात लाख तर अपघात, मारामाऱ्या, बुडणं, पडणं, असल्यात गेलेत. लिव्हरच्या आधी मोटारसायकलच नेते."

"तिथेच पुरुष जास्त भरतात," माई म्हणाल्या. "बाई प्यायली तरी घरात पिते. ती कुठे ढाब्यावरून बुलेट हाणत येणार?"

"आणि पुरुषाला कुणी 'का पितोस' विचारत नाही," हे चूळ भरून म्हणाले. "'किती झाले' विचारतात. आमच्यात न पिणाऱ्यालाच कारण द्यावं लागतं. मी अठ्ठावीस वर्षं ॲसिडिटी सांगितली." आणि आत गेले. मला हे लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं. मी बिचारी इतकी वर्षं यांना साबुदाणा खिचडीत दाण्याचं कूट कमी घालत होते.

आपल्या देशात तर माप आणखीच एका बाजूला आहे. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्याने दिल्लीच्या एम्सकडून पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ साली आला. पुरुषांतले शंभरात २७ पितात, बायकांतल्या दीडेक. सतरा पिणाऱ्या पुरुषांमागे एक बाई. महाराष्ट्राचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतलं माप पुरुषांचं १३.९ टक्के आणि बायकांचं ०.४. गोव्यात बायकांचं साडेपाच.

"शून्य पॉइंट चार म्हणजे हजारात चार," माईंनी बोटांवर धरलं. "कुणी विचारलं गं हे? घरी येऊन?"

"हो, घरोघर जाऊन. मुलाखत एकटीची घ्यायची असा नियम आहे."

"आणि सासू पडद्याआड. मग हजारात चारजणी हो म्हणाल्या, एवढंच. माझ्या आईने जन्मभर मिश्री लावली. सकाळी, दुपारी, झोपताना, हिरड्या काळ्याठिक्कर. पण तंबाखू खाता का विचारलं असतंस तर म्हणाली असती, इश्श! तिच्या लेखी ती दात घासत होती."

पुरुषांत मरायची तऱ्हाही ऐपतीप्रमाणे असते. एजन्सीवाल्यांची दारू सीलबंद होती. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये शंभरावर माणसं थोड्याच दिवसांत गेली, ती दारूने नव्हेच. मिथेनॉल होतं ते, कारखान्यात वापरायचं. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं. आधी डोळ्यांपुढे धुकं येतं, मग माणूस जातो. गेलेले बहुतेक हातावर पोट असणारे पुरुष, दिवसभराचं काम उरकून स्वस्तातली घ्यायला गेलेले. तामिळनाडूत कल्लकुरिचीला २०२४ च्या जूनमध्ये तेच झालं, साठाच्या वर माणसं गेली. तिथे मात्र बायकाही होत्या त्यात. मजुरी करणारी बाई दमत नाही असं थोडंच आहे.

"बायकांनी प्यायलं तर पुरुषांइतक्याच टिकतील का गं?" माईंनी बादली बदलली.

"नाही ना! तीच तर मेख आहे. आमटीचं सांगते. एक चमचा मीठ मोठ्या पातेल्यात टाकलंत तर कळत नाही, छोट्या भांड्यात टाकलंत की तोंडात घालवत नाही. बाईच्या शरीरात पाण्याचा वाटा पुरुषापेक्षा कमी, म्हणून तेवढाच पेग तिच्या रक्तात जास्त कडक होतो. शिवाय दारू मोडणारं जे विकर पोटात असतं, ते बायकांत कमी काम करतं. त्यामुळे कमी दारूत, कमी वर्षांत लिव्हर जातं. सुरुवात ते शेवट हा रस्ता ती झपाट्याने कापते. वर स्तनाच्या कर्करोगाचा धोका."

"म्हणजे पितात थोड्या, पण पितात त्या लवकर संपतात."

"हो. अमेरिकेत तर दारूने जाणाऱ्या बायकांचं प्रमाण अलीकडे पुरुषांपेक्षा जास्त वेगाने वाढतंय. पुरुष अजून पुढेच आहेत, पण बायका मागून येताहेत."

अमेरिकेचा विषय निघाला की माईंना माझ्या धाकट्या बहिणीची आठवण येते. ती तिकडे ओहायोत असते. तिच्या औषधाच्या दुकानात नाकात मारायचा फवारा मिळतो, नॅलॉक्सोन नावाचा, २०२३ पासून चिठ्ठीशिवाय. कुणी अफूवर्गातल्या मादक द्रव्याने निळा पडायला लागला तर नाकात मारायचा, श्वास परत येतो. आपण सर्दीचा ठेवतो तसा लोक तो गाडीत ठेवतात. तिकडे २०२२ या एका वर्षात जास्त डोसाने एक लाखाच्या वर माणसं गेली. दर लाख पुरुषांमागे सुमारे ४६, दर लाख बायकांमागे १९.

"तिथेही तेच," माई म्हणाल्या. "पुरुष घेतातच जास्त, म्हणून मरतात जास्त."

"मलाही तसंच वाटलं होतं. पण तिकडच्या संशोधकांनी कोण किती घेतो ते वजा करून पाहिलं. तरी फेंटानिल, हेरॉइन, कोकेन, सगळ्यांत पुरुषांचं मरण दुपटी-तिपटीच्या घरात राहिलं. म्हणजे घेण्याची तऱ्हा वेगळी असणार, शरीरही वेगळं असणार. जोखीम जास्त, डोस मोठा, आणि एकटे. निळे पडले तरी नाकात फवारा मारायला कुणी शेजारी नाही."

"भिंत उंच असणार," माई म्हणाल्या.

मग थोडा वेळ दोघी पाण्याचा आवाज ऐकत राहिलो. माईंचं काहीतरी वर येत होतं हे मला कळत होतं. त्या बोलण्याआधी जास्वंदीच्या कळ्या मोजतात.

"एक सांगू? दारूने गेलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. पण प्यायलेल्या नव्हत्या त्या."

"म्हणजे?"

"स्टोव्हचा भडका. विहिरीवर पाय घसरला. जिन्यावरून पडली. तेवीस, सव्वीस, एकोणतीस वर्षांच्या. फॉर्म भरायला नवरा यायचा. चौथ्या रकान्यात मी 'नाही' लिहायची आणि ते खरं असायचं. तिला कुठे सवय होती? सवय होती ती खिडकीच्या पलीकडे उभ्या असलेल्याला, आणि तो तर जिवंत! त्याचा फॉर्म यायला अजून वीस वर्षं. दारूने गेली ही, पिणारा तो, असं लिहायला रकानाच नाही त्यात."

माझ्या कागदावर याचाही आकडा होता. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत आहे की नवरा वरचेवर झिंगून येतो त्या घरांत शंभरातल्या सत्तरजणींनी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसलेली असते. नवरा पीतच नाही तिथे तेवीसजणींनी. न पिणारेही तेवीस टक्के हात उचलतात, हे वाचून मी कागद तेव्हाच एकदा बाजूला ठेवला होता. माईंना मी तो आकडा वाचून दाखवला. त्यांना नवीन वाटला नाही.

"म्हणून तर बायका बाटली आडवी करतात," त्या म्हणाल्या. त्यांच्या माहेरी हे झालंय. मतपत्रिकेवर एक उभी बाटली, एक आडवी. गावातल्या निम्म्याहून जास्त बाया मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की गावातलं दारूचं दुकान बंद. हजर असलेल्यांतल्या निम्म्या नव्हे, यादीतल्या निम्म्या. म्हणजे बाळंतिणीलाही उठवून न्यावं लागतं. माईंच्या वहिनीने एका म्हातारीला खुर्चीत बसवून चौघांच्या खांद्यावरून नेलं. दुकान बंद झालं. आता पुरुष शेजारच्या गावी बसायला जातात आणि रात्री रस्त्याने येतात. पुढचं माईंनी सांगितलं नाही. रस्त्याचं वर झालंच आहे.

"पण प्यायला लागलेल्या बाईने जायचं कुठे?" मी म्हटलं. "पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे ना, अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली काढलेलं. पुलं आणि सुनीताबाईंनी त्याला पैसे दिले होते. सगळा महाराष्ट्र तिथे आपापले पुरुष घेऊन गेला. पण बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग निघायला दोन दशकांच्या वर काळ जावा लागला."

"पुरुषाला आणायला बायको असते," माई म्हणाल्या. "बाईला कोण आणणार?"

"जगातही तेच. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल आहे. अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या सात पुरुषांपैकी एकाला उपचार मिळतात. बायकांत अठराजणींत एकीला."

माईंनी नळ बारीक केला. पाणी अजून होतं.

"तुझी मोठी जाऊ गेली तेव्हा फॉर्म मीच भरला होता."

"हो. श्रावण होता."

"खिडकीशी तू होतीस. विडी? नाही. तंबाखू? नाही. सुपारी? तू म्हणालीस, जेवणानंतर एखादं खांड. मग मी चौथ्या रकान्यात रेघ ओढली. विचारलंच नाही तुला. अगं, पुरुषांच्या फॉर्मला लोक खोटं तरी बोलायचे. बायकांच्या फॉर्मला सत्तावीस वर्षांत तो प्रश्न मी कधी तोंडातून काढला नाही. रेघ, रेघ, रेघ. पुढे ते वर गेलं, बेरजेत मिळालं, आणि आता तू मला सांगतेस हजारात चार."

मी कढीपत्त्याकडे बघत होते. जाऊबाई सत्तेचाळिसाव्या वर्षी गेल्या. दीर फिरतीवर असायचे, मुलगा वसतिगृहात. संध्याकाळी दार लावून त्या टीव्ही मोठ्याने लावायच्या. डोळे पिवळे झाले तेव्हा आम्ही वैद्यांकडून काविळीची माळ आणून घातली, उसाचा रस पाजला, तळलेलं बंद केलं. तेराव्यानंतर माळ्यावरचा कुरडयांचा पत्र्याचा डबा काढला तर वर चार कुरडया आणि खाली रिकाम्या चपट्या, एकेक वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली, काचेला काच लागू नये अशी. यांनी त्या रात्री पोत्यात भरून नदीवर नेल्या. वर्तमानपत्रांवरच्या तारखा मी तेवढ्या वाचल्या होत्या.

"विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंस?" माई म्हणाल्या.

"तेव्हा? नाही म्हटलं असतं."

"आणि आता?"

"सहा," मी म्हटलं. "निदान सहा वर्षं."

माईंनी मान हलवली. खिडकीत बसल्यावर हलवायच्या तशीच, नोंद झाल्यासारखी. मग हात लांब करून कढीपत्त्याच्या दोन काड्या मोडल्या.

"आज अकराला येणार आहे तो एजन्सीवाल्यांचा मुलगा माझ्याकडे, फॉर्म कसा भरायचा विचारायला. अजून येतात गं सगळे, रिटायर झाले तरी."

"मग विचारणार का?"

"विचारणार तर. मुलाला विचारायचं की आईला बोलावून घ्यायचं, तेवढं ठरवायचंय."

नळ फुसफुसला आणि पाणी गेलं. माईंचं तिसरं पिंप अर्धंच भरलं होतं.